साहेबांचे मामा आणि मुकी गाडी

या किनाऱ्यावर माझा पाय टिकला तो आमच्या साहेबांच्या मामांमुळे, हे आधी सांगतो, बाकीचं मग. आणि दुसरी गोष्ट सांगतो ती छातीवर हात ठेवून: जन्मात एकदाही स्टेअरिंगला हात न लावता गाडी चालवणारा असा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. स्टेअरिंग माझ्या हातात असायचं, पाय माझे असायचे, घाम माझा असायचा. पण गाडी चालवायचे मामाच.

मी परभणी जिल्ह्यातला, जिंतूरकडचा. सातवीतच शाळा सुटली. आधी ट्रॅक्टर, मग जीप, मग टेम्पो असं करत करत नागावला साहेबांच्या होमस्टेवर ड्रायव्हर म्हणून येऊन पडलो. साहेब राहायला उरणला. त्यांचे ट्रेलर तिकडे बंदराला लागलेले. नागावची नारळाची वाडी आणि पाहुण्यांच्या खोल्या मामांच्या ताब्यात. मामांचं उभं आयुष्य उरणच्या मिठागरात गेलेलं. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांधाआड धरायचं, एका कोंड्यातून, म्हणजे वाफ्यातून, दुसऱ्यात सोडायचं, एवढं सोडून जगात शिकण्यासारखं काही नाही असं त्यांचं ठाम मत. अशा माणसाच्या पुढ्यात साहेबांनी ती नवी गाडी आणून उभी केली. पेट्रोलवर चालते, आणि घरच्या प्लगला लावून ठेवली की बॅटरीवरही चालते. कुठे काय वापरायचं ते बटणांनी ठरवायचं, आणि बटणांवर सगळं इंग्रजी. मी चावी साहेबांच्याच हातात राहू दिली. मामा मात्र गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "अरे, हे तर मिठागरच हाय!"

बटणांची बारशी त्यांनीच केली. नुसत्या बॅटरीवर चालायचं ते बटण म्हणजे ‘मुकी’, कारण आवाज नाही. बॅटरी आणि इंजिन मिळून ओढतात तो ‘संसार’. आहे ती बॅटरी पुढच्यासाठी राखून पेट्रोलवर जायचं तो ‘बांध’. आणि दाबलं की गाडी उधळते ते ‘माजोरडं’. त्याला हात लावायची मला सक्त मनाई. इंजिन जाळून चालता चालताच बॅटरी भरणारं पाचवं एक बटण होतं. त्याचं नाव मामांनी घेण्याजोगं ठेवलं नव्हतं.

पायाखाली वीज आहे म्हणून मामा चप्पल काढून गाडीत बसायचे. चप्पल रस्त्यावरच राहायची. अलिबागच्या मासळीबाजारासमोर त्यांनी असे कितीतरी जोड सोडले असतील, तिथली एक कोळीण तर आमची गाडी दिसली की टोपलीमागून चप्पल काढून दाखवायची आणि ओरडायची, "मामा, आज तरी घालून जा रं!" गावच्या गल्लीत इंजिनाचा आवाज झालेला त्यांना खपत नसे. चुकून झालाच, तर खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून ओट्यावरच्या माणसांना सांगायचे, "माफ करा हां, पोरगा नवा हाय!" कार्ले खिंडीच्या चढाला ते एसी बंद करायला लावायचे. पुण्याच्या एक बाई घामाने निथळून म्हणाल्या, "अहो काका, एसी लावा ना." मामांनी सीटखालून नारळाच्या झापाचा पंखा काढून त्यांच्या हातात दिला. "खिंड उतरलो की लावतो, बाय. तवर हा घ्या." आणि उतार लागला की गाडीत सगळ्यांनी गप्प बसायचं. पाय उचलून गाडी उतरू दिली की वीज उलटी बॅटरीत जमा होते, आणि समोरच्या पडद्यावर तिची पट्टी वाढत जाते. मामा त्या पट्टीकडे बघत पुटपुटायचे, "आलं... आलं... येऊ दे..." जणू खाडीचं पाणीच आत येतंय. त्या पुण्याच्या बाईसुद्धा शेवटी पंखा थांबवून पट्टी बघायला लागल्या होत्या.

हे सगळं गमतीचं वाटतं, पण मला तेव्हा हसू येत नव्हतं. सुरुवातीला मामा बाजूला नसले की मी ते बदनाम पाचवं बटण दाबून ठेवायचो. आमच्याकडे रांजण तळाला गेला तर घरात कुणी नीट झोपत नाही; टँकर कधी येईल कुणी सांगावं? तशी ती बॅटरी जरा उतरली की माझा जीव कासावीस व्हायचा, आणि मी पेट्रोल जाळून ती काठोकाठ भरून घरी आणायचो. वर मनात म्हणायचो, बघा, किती जपून आणली! साहेबांचं म्हणणं पडलं की ही गाडी माझ्या ट्रेलरएवढं पितेय. याला काही जमत नाही, शिकलेला ड्रायव्हर बघतो. वाडीमागची खोली नोकरीबरोबर मिळाली होती. बायको आणि मुलगी शाळा उघडायच्या आत यायच्या होत्या. नोकरी गेली की खोली गेली, आणि त्यांचं येणंही गेलं.

मामांनी एका संध्याकाळी मला पडद्यासमोर बसवलं. "परभणीवाल्या, ही भरलेली का आणलीस?"

"लागली तर असावी म्हणून, मामा."

"घरी येऊन कशाला लागंल? घरी प्लग हाय ना? उद्या भरती येणार हाय की न्हाय?"

"येणार."

"मग आजचं पाणी कोंडून काय त्याची पूजा घालणार? रिकामी होऊन ये. दारात येऊन संपली पाहिजे, अलीकडं न्हाय, पलीकडं न्हाय."

पाणी रोज परत येतं, यावर विश्वास ठेवायला मला फार जड गेलं. पण रोज सकाळी शेजारी बसून, शिव्या देत, मामांनी तो ठेवायला लावला. गल्लीत मुकी, मोकळ्या रस्त्याला बांध, चढाला संसार, आणि गर्दीत अडकलो की पुन्हा मुकी.

मग साहेब आले. म्हणाले, "मला उरणला सोड. बघतो काय ते. आणि मामा, तुम्ही यायचं तर या, पण तोंडातून शब्द काढायचा नाही."

मामांनी तोंडात सुपारी टाकली आणि ओठ घट्ट मिटले. नागावहून अलिबागपर्यंत मी मुकीच चालवली. खिंडीचा चढ संसारावर चढलो, उताराला पाय उचलला. पट्टी वाढायला लागली तरी मामांनी ‘आलं’ म्हटलं नाही, नुसते गुडघे घट्ट धरले. पुढे बांध घातला. वडखळ नाक्याला गर्दीत थोडी बॅटरी गेली, पेणनंतर पुन्हा बांध. आणि बंदराच्या रस्त्याला लागलो तर पुढे कंटेनरची रांग, मागे कंटेनरची रांग. मुकीवर घेतली. इंच इंच सरकत होतो आणि पट्टी खाली खाली जात होती. माझा अंगठा त्या पाचव्या बटणाकडे आपोआप जायला लागला. मी मामांकडे बघितलं. मामा समोर बघत होते. घाम कानामागून मानेत उतरत होता, आणि ते एक अक्षर बोलत नव्हते. मी हात परत स्टेअरिंगवर ठेवला.

रांग सुटली. साहेबांची गल्ली लागली. फाटकातून आत गेलो तेव्हा पट्टीत नखाएवढी रेघ उरली होती, आणि इंजिन निजलेलं होतं. साहेब पडद्याकडे बघून घेत म्हणाले, "बोला आता, मामा."

मामांनी सुपारी थुंकली. "खिंडीत ब्रेक उगाच दाबलान दोनदा."

साहेब हसले. उतरताना मला म्हणाले, "चार्जिंगला लाव. आणि उद्या सकाळी मांडव्याच्या जेटीवर पाहुणे येणार आहेत, उशीर करू नको."

एवढंच. शाळा उघडायच्या आत बायको आणि मुलगी आल्या. मुलीला मामांनीच शाळेत नेऊन बसवलं, आणि तिथल्या बाईंना बजावलं की ही पोर हुशार हाय, हिला पुढं बसवा.

यंदा गुडघ्यांनी मामांना पनवेलला लेकीकडे नेऊन बसवलंय. शेजारची सीट रिकामी असते. एसी चढालाही चालू असतो, आणि पाहुणे खूश असतात. संध्याकाळी फोन येतो. आधी गाडीची चौकशी, मग माझी. परवा मध्येच म्हणाले, "काय रे, तुमच्याकडं समुद्र न्हाय. मग दिवस मावळताना माणसं बघतात कुठं?" आमच्याकडे काळं रान आहे, आडवं, नजर दमेल तेवढं लांब. ज्वारी पोटऱ्यात आली, कणीस बाहेर पडायला आलं की वारा त्याच्यावरून चालत येतो. पण हे फोनवर कसं दाखवणार? मामा, तुमचे गुडघे धड होऊ द्या. माझ्याजवळ स्वतःची चार चाकं होऊ द्या, कसलीही. तुम्हाला मी आमच्या बांधावर नेऊन बसवणार आहे, आईच्या हातची गरम भाकरी तुमच्या हातात देणार आहे, आणि दिवस मावळेपर्यंत शेजारी गप्प बसणार आहे.