एकशे सहा सेंटिमीटर

यादी केल्याशिवाय मला बाजारातून कोथिंबीरही आणता येत नाही, असं आमच्या घरातलं म्हणणं आहे. विजेवर वर-खाली होणारं टेबल घ्यायचं ठरलं तेव्हा तर मी नवी वहीच काढली.

टेबल माझ्यासाठी नव्हतं, माझ्या मिस्टरांसाठी होतं. पंचवीस वर्षं त्यांनी हिंगोलीत कोर्टाबाहेर बसून टायपिंग केलं. आधी टाइपरायटर होता, नंतर कॉम्प्युटर आला, पण खुर्ची तीच राहिली. उन्हाळ्यात मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, सलग अर्ध्या तासाच्या वर बसायचं नाही. चार महिने ते पलंगावर पडून पंख्याकडे बघत होते. वकिलांचे फोन आधी रोज यायचे, मग कमी होत गेले. एका जुन्या वकिलांनी मात्र त्यांचं काम दुसऱ्याला दिलं नव्हतं. घरून केलं तरी चालेल, मजकूर फोनवर पाठवतो, पण जमतंय की नाही ते दिवाळीपर्यंत सांगा, असं ते म्हणाले होते. हे काम सुटलं तर या वयात नव्यानं कोणी देणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. जेवताना त्यांच्या डाव्या हाताची बोटं मांडीवर हलायची, टायपिंग केल्यासारखी.

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका. सेनगावकडची गावं माझ्याकडे आहेत. आज पुसेगाव, उद्या गोरेगाव, परवा एखादा तांडा. लेकरांची उंची आणि वजनं तपासण्यात निम्मी नोकरी गेली. त्यामुळे मोजमापाचं काम आपलंच, असं मी धरून चालले.

वहीत रकाने पाडले. सगळ्यात कमी उंची, सगळ्यात जास्त उंची, फळीची लांबी-रुंदी, किती वजन पेलतं, मोटार एक की दोन, आवाज, उंची लक्षात ठेवणारी बटणं, वायर किती लांब. नऊ टेबलं एकाखाली एक लिहिली. त्यांनी पडल्या पडल्या वही चाळली.

"माझं स्थळ आलं तेव्हा एवढी चौकशी केली होती का?"

तेव्हा माझ्याकडे वही नव्हती, असं मी सांगितलं. ऑपरेशननंतर ते पहिल्यांदा हसले, आणि लगेच कमरेला हात लावून थांबले.

हिंगोलीत असलं टेबल कुठं बघायला मिळेना. नांदेडला एका फर्निचरच्या दुकानात एक होतं, म्हणून मी एकटीच गेले. यांना तेवढा प्रवास झेपणारा नव्हता. दुकानदार बटण दाबून टेबल वर नेई, खाली आणी आणि कौतुकानं माझ्याकडे बघे. मी त्यावर माझी पिशवी ठेवली, पाण्याची बाटली ठेवली, पाणी हिंदकळतं का पाहिलं. मग विचारलं, लाइट गेली तर काय होतं?

"आहे तिथंच थांबतं, मॅडम. खाली येत न्हाई."

मी लिहून घेतलं आणि पुढे बरोबरची खूण केली. त्या टेबलाची फळी आमच्या खोलीला मोठी होत होती. वहीतलं चौथं टेबल नक्की केलं. दोन मोटारी, आवाज कमी आणि फळी खिडकीखाली बसणारी. मागवण्याआधी एवढंच बघायचं राहिलं होतं, की यांच्या उंचीला ते पुरतं का.

त्या रविवारी मी यांना खिडकीशेजारच्या भिंतीला उभं केलं. टाचा भिंतीला, गुडघे सरळ, नजर समोर, हात कोपरात काटकोनात. तोंडातून आपोआप निघत गेलं, रोजचंच आहे ते.

"वजनबी करून घ्या, मॅडम," ते म्हणाले. "कमी भरलो तर खाऊ जास्त मिळंल."

कोपराच्या खाली भिंतीवर पेन्सिलीनं रेघ मारली. टेप लावली. एकशे सहा. ऑपरेशननंतर इतके सरळ उभे राहिलेले मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मला इतका आनंद झाला, की वहीत त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

टेबल आलं. स्क्रू मोजून घेतले, सूचनांच्या कागदावर एकेक टिक करत जोडलं. एक नंबरच्या बटणावर बसायची उंची ठेवली, दोन नंबरवर एकशे सहा. फळी बराबर पेन्सिलीच्या रेघेला येऊन थांबली. ते उभे राहिले आणि वकिलांनी पाठवलेला एक अर्ज टाइप करायला लागले. मी स्वयंपाकघरात होते. कळांचा तो आवाज इतक्या महिन्यांनी घरात आला, तर मी फोडणी द्यायची थांबवून ऐकत राहिले.

रोज मी घरी आले की विचारायचे, तकलीफ होते का? न्हाई, एकदम बराबर आहे, म्हणायचे. मी असताना संध्याकाळीही तासभर काम करायचे आणि त्यानंतर मानेला मलम लावून मागायचे. मी वहीत लिहिलं, संध्याकाळचं काम कमी करणे.

एक दिवस गोरेगावची बैठक पुढे ढकलली. लगेच परतीची जीप मिळाली आणि मी तीनलाच घरी पोचले. लाइट नव्हती. लॅपटॉप चालू होता, आणि दाराशी माझी चाहूल लागताच हे टेबलापाशी उभं राहून घाईघाईनं दोन नंबरचं बटण दाबत होते. पुन्हा पुन्हा.

मी म्हटलं, "लाइट नसताना बटण काहून दाबून राहिले?"

त्यांनी हात काढून घेतला. मग मला दिसलं. पेन्सिलीची रेघ फळीच्या चांगली दोन-तीन बोटं वर होती.

"तू यायच्या आत वर न्यायचं असतं," ते म्हणाले.

टेबल आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे चाललं होतं. मी बाहेर पडले की ते टेबल आपल्या सोयीनं खाली घ्यायचे आणि जीपची वेळ झाली की पुन्हा माझ्या आकड्यावर नेऊन ठेवायचे. संध्याकाळी मी घरात, म्हणून तो तास एकशे सहावर. मान त्याच तासानं धरायची. आधी काहून सांगितलं नाही, म्हटलं.

"भिंतीला लावलंस म्हणून ताठ झालो. तू किती खूश झालीस. म्हटलं, होऊ सरळ." ते खिडकीकडे बघत होते. "तसा मी आता न्हाई ऱ्हात उभा."

लेकरांची उंची तशीच घ्यायची असते, टाचा लावून, कारण ती तक्त्यात भरायची असते. या माणसाला त्या टेबलाशी दिवसभर उभं राहायचं होतं. बावीस वर्षं तक्ते भरणाऱ्या मला ते सुचलं नाही. मी तिथंच खुर्चीवर बसले, त्यांच्या खुर्चीवर.

थोड्या वेळानं उठले आणि पर्समधून टेप काढली. भिंतीपासून लांब उभं राहा म्हटलं, आणि वकिलांचा कालचा मजकूर वाचून दाखवा. ते वाचायला लागले. पहिलं वाक्य मला ऐकवायला वाचलं. दुसऱ्यात त्यांना चूक सापडली, तिसऱ्यात ते मला विसरले. खांदे उतरले, एक गुडघा वाकला, मान पुढे आली. कोर्टाबाहेर पक्षकाराचं ऐकताना असेच असायचे. मी बाजूनं कोपराला टेप लावली. एकशे एक.

लाइट आली तेव्हा टेबलाच्या कडेला उंची दाखवणारा आकडा उजळला. तोही एकशे एकच होता. मी दोन नंबरचं बटण दाबून धरलं आणि तो तिथं कायम केला. भिंतीवर खाली दुसरी रेघ मारली. वरची पुसू का, त्यांनी विचारलं. राहू द्या म्हटलं, एखाद्या दिवशी लागेल.

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर दोन अर्ज पुरे केले आणि स्वतःच वकिलांना फोन लावला. दिवाळीची वाट बघू नका, म्हणाले, उद्यापासून पाठवत जा. मी सवयीनं मलमाची ट्यूब टेबलावर आणून ठेवली. ती तशीच राहिली.