दहा पावलांवरची खिचडी

आम्ही अंगणवाडीच्या बाया महिन्याच्या मीटिंगला खोडाळ्याला जमलो, की चहाच्या टपरीवर किस्से निघतात. वजनाचं रजिस्टर आहे, आहाराचं आहे. हसण्या-रडण्याचं मात्र नाही, म्हणून ते तोंडीच साठत जातं. माझ्याकडचे बहुतेक किस्से सोनीबाईचे. ती माझ्या अंगणवाडीतली मदतनीस. खिचडी तीच शिजवते, माझ्याही आधीपासून.

*

एकदा ताणतणावावर ट्रेनिंग होतं. मॅडमनी विचारलं, "तुमच्या आयुष्याचं ध्येय काय?"

कोणी समाजसेवा म्हणालं, कोणी मुलांचं शिक्षण. सोनीबाई म्हणाली, "साडेदहाला खिचडी उतरली पाहिजे."

सगळ्या हसल्या. ती हसली नाही. "उशीर झाला का पोरं पेंगतात. पेंगलेलं पोर अर्धंच जेवतं."

*

पाड्यातल्या कमळीची चिमी फार अशक्त होती. सोनीबाईनं घास-घास भरवून तिचं वजन वाढवलं. दिवाळीनंतर कमळी तिला घेऊन भिवंडीला वीटभट्टीवर निघाली. सोनीबाईनं दम भरला, "जशी देते तशीच परत आण."

पावसाच्या तोंडावर चिमी परत आली. काट्यावर बसवली, तर दीड किलो कमी. कमळी मान खाली घालून उभी. सोनीबाई भांडी घासायला गेली.

मी विचारलं, "वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना. पण चूल पेटवायची राहिली ना, ताई."

*

गेल्या वर्षी भात कापताना तिच्या मुलाला, किसनला साप चावला. तो एकुलता एक. वाचला नाही.

सोनीबाई बोलेना, खाईना. मी रोज पेज घेऊन जायची. दुसऱ्या दिवशी कालची पेज तशीच दिसायची. बाया म्हणायला लागल्या, ही पण त्याच्या मागं जाणार. मलाही तेच भय. धीराचं बोलायला जायची आणि नुसतीच बसून यायची.

इकडे खिचडी मी करत होते. करपत होती.

*

पाचव्या दिवशी साडेनऊला सोनीबाई अंगणवाडीच्या दारात उभी. पोरांना सोडायला आलेल्या बाया दोन पावलं मागे सरल्या. दिवसकार्य होईपर्यंत मयत झालेल्या घरच्या हातचं आमच्या पाड्यात कोणी खात नाही. तिला आत ये म्हणायचं धाडस मलाही झालं नाही.

तिनं सगळ्यांकडे पाहिलं. परत फिरेल असं वाटलं. पण ती चुलीपासून दहा पावलांवर, आंब्याखाली जाऊन बसली.

"ताई, डाळ आधी टाक."

मी टाकली.

"मीठ किती?"

"मूठभर."

"कोणाच्या मुठीनं?"

"तुझी मूठ बारकी. दीड घे."

मग रोज असंच. ती आंब्याखालून वासावरून सांगायची, "ढवळ, खाली लागतंय." तिसऱ्या दिवशी मी तिच्यापुढे ताट ठेवलं. "अळणी झालीय," म्हणाली. पण खाल्लं.

*

दिवसकार्याला दोन दिवस राहिले होते. मी ताटं वाढली. चिमीनं आपलं ताट उचललं आणि दोन्ही हातांनी सांभाळत आंब्याकडे चालू लागली. ताट सोनीबाईच्या मांडीवर ठेवलं, समोर बसली आणि तोंड उघडलं.

सोनीबाईनं हात मागे घेतला. "ताईकडं जा, बाय."

चिमी हलेना. तोंड तसंच उघडं. दारात कमळीही उभी होती. बाया तिच्याकडे बघायला लागल्या. मीही बघत होते.

कमळी बराच वेळ पदर चाचपत राहिली. मग तिथूनच म्हणाली, "बारका घास दे, मावशी. मोठ्यानं तिला ठसका लागतो."

सोनीबाईनं घास कालवला.

"मला नको शिकवू," ती म्हणाली. "तुला पण मीच भरवलाय."