आन्याच्या कोचला घालवलं

विनीता फार्मासिस्ट आहे. मूळची नागपूरची, आता मिनिआपोलिसजवळ राहते. बर्फाशी तिचं कधी जमलं नाही, पण तिची मुलगी आन्या बर्फातच वाढली. सहा वर्षांची असताना तिने खांद्यावर स्की टाकून टेकडीचा जिना चढणारी मुलं पाहिली. वरून सुसाट घसरत यायचं आणि उताराचं टोक आलं की सरळ हवेत. आन्याने हट्टच धरला आणि तिथल्या स्की-जंपिंग क्लबमध्ये जायला लागली.

मराठी मंडळातल्या रत्नाकाकू म्हणाल्या, त्यापेक्षा भरतनाट्यमला घाल, हातपाय तरी शाबूत राहतील. नवरा, श्रीरंग, टेकडीवर यायचा, पण आन्याची पाळी आली की गाडीत जाऊन बसायचा. विनीता मात्र खाली उभी राहायची. आपली भीती मुलीला दिसू द्यायची नाही, एवढंच तिने ठरवलं होतं. कशाला उडतेस असं विचारलं की आन्या म्हणायची, "अप देअर नोबडी कॅन टेल मी एनिथिंग, आई."

आन्या नऊ वर्षांची झाली आणि रात्री जेवेनाशी झाली. पोट भरलंय म्हणायची. एकदा न्हाऊन आल्यावर टॉवेलने पुसताना तिच्या बरगड्या विनीताच्या हाताला लागल्या. खोदून विचारल्यावर पोरीने रडत सांगितलं. क्लबच्या कोचने, डेलने, तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, की जड मुली दगडासारख्या पडतात. रात्रीचं जेवण सोड, घरी सांगायची गरज नाही.

श्रीरंग तेव्हाच जाब विचारायला निघाला. विनीताने त्याच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"तो सॉरी म्हणेल आणि विषय संपेल," ती म्हणाली. "मला संपवायचा नाहीये."

आन्याला तिने डॉक्टरकडे नेलं आणि अभ्यासाचं निमित्त सांगून क्लबमधून काढलं. स्वतः मात्र तिथलं काम मागून घेतलं. क्लब पालकांच्याच जिवावर चालायचा. उतरायच्या जागेवरचा बर्फ दाबून सारखा करायचा, उडी कुठे टेकली ते पाहायचं, सूप विकायचं. विनीताने सगळं केलं. डेलला कॉफी नेऊन दिली, त्याच्या विनोदांना हसली. आणि बर्फ दाबता दाबता एकेका आईला सहज विचारत राहिली, तुमचं मूल रात्री जेवतं का?

श्रीरंगने एकदा विचारलं, तोवर बाकीच्या पोरांनी उपाशीच राहायचं का? ती सूपचा डबा उचलून टेकडीकडे निघाली.

पुढच्या वर्षी ती क्लबच्या कमिटीवर निवडून आली. हिवाळा संपल्यावरच्या सभेत डेलचा सत्कार होता. विनीता त्याच दिवसाची वाट पाहत होती. तो आभार मानायला माइकसमोर उभा राहिला, तेव्हा ती उठली आणि आन्याला त्याने काय सांगितलं होतं ते शांतपणे सांगितलं. मागून केटी नावाची एक आई उठली, माझ्या मुलालाही हेच सांगितलं म्हणाली. मग एक बाप. डेल बायकोकडे पाहत राहिला, आणि ती खाली पाहत राहिली. क्लबने त्याला काढलं. दुसऱ्या कुणी ठेवलं नाही.

बाहेर पार्किंगमध्ये तो तिच्यासाठी थांबला होता. "मला बाजूला घेऊन सांगायचं होतंत," तो म्हणाला. "मी थांबलो असतो."

"माझ्या मुलीलाही तुम्ही बाजूला घेऊनच सांगितलं होतंत," विनीता म्हणाली आणि गाडीत बसली.

विनीताला हे आदल्या हिवाळ्यापासूनच माहीत होतं, हे केटीला नंतर कळलं. तिच्या मुलाने तो अख्खा हिवाळा अर्धपोटी काढला होता. केटी आजही विनीताशी बोलत नाही, आणि तिचं चुकलं असं विनीता म्हणत नाही.

आन्या आता नव्या कोचकडे उडते, घरी आली की ताटभर जेवते. डेल एका दुकानात भाड्याचे स्की बूट देतो. जवळ दुसरी दुकानं असताना विनीता दर हिवाळ्यात एकटीच तिथे जाते. श्रीरंग म्हणतो, आता पुरे. ती बाकावर बसते, पाय पुढे करते आणि डेल गुडघ्यावर बसून बूट चढवेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहते.