बैठका, मांड्या आणि बाटलीतला रंग

डॉक्टरीणबाईंनी बाटली उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "हा रंग कधीपासून आहे?"

बाटलीत माझी लघवी होती. गुळाचा कोरा चहा चुलीवर विसरून दुपारभर उकळला तर जसा होईल तशी. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. शेजारी नवरा उभा, समोर परकी बाई, तिच्या हातात माझी लघवी, आणि वर मी तिच्या रंगाचा इतिहास सांगायचा. त्यापेक्षा मरण बरं, असं वाटलं. मरण खरंच दाराशी येऊन चपला काढत होतं, हे मला तेव्हा कुठं ठाऊक?

"परवापासून," मी पुटपुटले.

"आणि आज सांगताय?"

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, रॅब्डोमायोलिसिस. नवऱ्याला ते उच्चारता येईना, मला तर ऐकूही येईना. मग त्यांनी सोपं करून सांगितलं. न झेपणारा व्यायाम केला की स्नायूंच्या पेशी फुटतात. थोड्या फुटल्या तर अंग दुखतं आणि आपोआप भरून येतं. फार फुटल्या तर त्यांच्यातला मायोग्लोबिन नावाचा लालसर पदार्थ रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांत जाऊन अडकतो. मूत्रपिंडं म्हणजे रक्त गाळणारी चाळणी. चाळणीच तुंबली की माणूस संपला.

"तुमच्या मांडीचं मांस लघवीतून चाललंय असं समजा," त्या म्हणाल्या.

मला तिथंच ओकारी आली. टेबलाखालच्या बादलीपर्यंत पोचले एवढंच काय ते नशीब.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. मी पंचेचाळिशीच्या पुढची, पोरांची शिक्षणं संपत आलेली, आणि अक्कल अजून यायची होती. आमच्या पेठेत एका इमारतीच्या तळघरात जिम निघाली होती. दुपारी बायकांसाठी वेगळी वेळ. समोरच्या घरातली शालन जाऊन आली आणि सांगायला लागली की कंबर उतरली. तिची कंबर कुठं उतरली होती ते देवाला माहीत, पण मीही नाव घातलं.

ती जागा आठवली की अजून अंगावर काटा येतो. रबराच्या चटयांना सकाळच्या बाप्यांच्या घामाचा वास. आरशावर बोटांचे तेलकट ठसे. खिळ्याला एक सार्वजनिक टॉवेल, तो कधी वाळलेला मी पाहिला नाही. आणि त्या आरशात मी, लेकाची जुनी ट्रॅकपँट घातलेली, त्यावर मंगळसूत्र. पोत्याला शेंदूर लावावा तशी दिसत होते. मला मात्र वाटत होतं, मी फार बारीक आणि तडफदार दिसतेय.

शिकवणारी पोरगी उचगावहून यायची. शहाणी होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, काकू, थोड्या बैठका मारा आणि थांबा, आज एवढंच पुरे. मी थांबतही होते. तेवढ्यात शालन म्हणाली, "पैलवानाच्या सुनेला एवढंच व्हय गं?"

आता हे पैलवान कोण, ते सांगायला हवं. माझे सासरे, आबा. जत्रांच्या फडांत नाव कमावलेले, म्हातारपणीही पहाटे तालमीत जाऊन पोरांवर ओरडणारे. आमच्या घरात माणूस मांडीवरून जोखायचे. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांना तोंडावर म्हणाले होते, "पोरगी गुणाची हाय, पर हाडात दम न्हाय." सगळ्यांना सून पसंत पडली, लग्न झालं, पण ते वाक्य माझ्या डोक्यात वीसेक वर्षं शिजत राहिलं. त्या माणसाच्या तोंडून एकदा 'शाब्बास' ऐकायचं, एवढीच माझी आयुष्यातली महत्त्वाकांक्षा होती. हसा खुशाल. मीही हसते.

तर मी बैठका मारत सुटले. शालन मोजत होती, बाकीच्या टाळ्या पिटत होत्या. पोरगी थांबा थांबा म्हणत होती, तिला मी हातानं गप्प केलं. मांड्या लटलट कापायला लागल्या तरी थांबले नाही. मग तिथल्या बेसिनमध्ये दुपारची भाकरी-आमटी उलटी पडली. बेसिन आधीच तुंबलेलं. पुढचं सांगत नाही. जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी चढून घरी आले, आणि चेहऱ्यावर हिंदकेसरीचा तोरा.

दुसऱ्या दिवशी मांड्या पेटल्या. आमचा संडास खाली बसायचा. बसताना भिंतीला नखं रुतवली, आणि उठता येईना म्हणून नळाला लोंबकळले. नळ हातात आला. पाण्याच्या चिळकांड्या, मी अर्धी उठलेली, दार आतून लावलेलं. बाहेरून नवरा विचारतोय, काय झालं. बायकोनं अशा वेळी काय सांगावं?

माझं कण्हणं ऐकून आबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले. एरवी कधी यायचे नाहीत. नवऱ्यानं त्यांना बैठकांचं सांगितलं होतं. त्यांनी मला पहिल्यांदाच नीट निरखून बघितलं.

"मांड्या भरल्यात व्हय? भरलेल्या अंगावर आजून बैठका मारायच्या, म्हंजी गाठी फुटत्यात. आन् पाणी पिऊ नगंस. पाण्यानं अंग सुटतं. तालमीत पोरास्नी आमी ह्येच सांगतो."

मला कुणी चांदीची गदा खांद्यावर द्यावी तसं वाटलं. आबांनी मला तालमीतल्या पोरांच्या रांगेत बसवलं होतं. मग काय, ओट्याला धरून बैठका. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात पाण्याचा थेंब नाही. बाळंतिणींना मालीश करणारी मावशी बोलावली. तिनं कढत तेलानं मांड्या अशा रगडल्या की कणीकही कळवळली असती. वर मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून उपाशीपोटी गिळल्या.

पुढं हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई एकेक ऐकत गेल्या आणि कपाळाला हात लावत गेल्या. फाटलेल्या स्नायूंवर पुन्हा बैठका, वर रगडणं, पाणी बंद, आणि मूत्रपिंडांना जड जाणाऱ्या गोळ्या. मूत्रपिंडांना मारायचं ठरवून मारलं असतं तरी याहून चांगलं जमलं नसतं, म्हणाल्या.

सगळ्यांत मोठा गाढवपणा मात्र माझा एकटीचा. मांड्या सुजून परकर अडकायला लागला आणि लघवी लाल झाली, तेव्हा मी बघितलं आणि डोळे मिटून पाणी ओतलं. वाटलं, बीट खाल्लं असेल. घरात बीट आलंच नव्हतं. मग वाटलं, पाळी जायच्या वयातलं काहीतरी असेल. लघवीचा विषय कुणाकडं काढायचा? शी. लघवी कमी कमी होत काळी पडली, उलट्या थांबेनात, उठताना पायच उचलेना, तेव्हा नवऱ्यानं रिक्षात घातलं.

रक्तातला सीपीके मोजला. स्नायू फुटले की हा वाढतो. माझा इतका होता की लॅबवाल्यानं रक्त पुन्हा मागवून घेतलं. क्रिएटिनिनही वाढलेलं, म्हणजे चाळणी तुंबायला लागलेली. छातीला वायरी चिकटवून ईसीजी काढला, कारण फुटलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं. दोन्ही हातांना सलाईन लावली. आणि लघवीच्या जागी नळी घातली. तिला कॅथेटर म्हणतात. तिच्या टोकाला पिशवी, आणि ती पिशवी खाटेला बाहेरून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लटकवलेली.

म्हणजे जे मी घरच्यांपासून लपवलं, ते आता कोल्हापुरातले झाडून सगळे पाहुणे बघून गेले. हातकणंगल्याची चुलतसासू पिशवीकडं बघत बघत केळं खायची. वॉर्डात फिनेलचा वास, पलीकडच्या खाटेखाली भरलेलं बेडपॅन, आणि माझ्या अंगाला तेल, घाम आणि आजाराचा मिळून एक वास. मला माझीच शिसारी यायची.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगून टाकलं. "लघवी वाढली पाहिजे आणि रंग उतरला पाहिजे. उद्या सकाळपर्यंत तसं झालं नाही तर डायलिसिस." म्हणजे रक्त बाहेर काढून यंत्रातून गाळायचं. कधीपर्यंत, ते सांगता येत नाही, म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आबा आले. हातात पांढऱ्या रश्शाचा डबा. सुनेच्या अंगात ताकद यावी म्हणून शेजारणीकडून करून घेतलेला. डॉक्टरीणबाईंनी डबा दारातच अडवला आणि विचारलं, यांना पाणी पिऊ नका असं सांगितलं कुणी?

"मी," आबा म्हणाले.

फेटा काढून मांडीवर ठेवला आणि बाहेरच्या बाकावर बसले. रश्शाचा डबा पायाशी.

सकाळी डोळे उघडले तर आबा माझ्या खाटेशी वाकलेले. डेअरीवर दूध तपासावं तसे पिशवी बघत होते. मला पदर कुठं ओढू आणि तोंड कुठं लपवू असं झालं. नर्स आली, तिनं माप घेतलं.

"किती भरलं बाई?" आबांनी विचारलं.

रात्रीपेक्षा दुप्पट, ती म्हणाली. आबांनी पिशवी खालून बोटानं जराशी उचलली आणि उजेडात धरली.

"काकवीवरनं उसाच्या रसावर आलाय रंग," ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून, "शाब्बास, पोरी."

बायांनो, वीस वर्षं मी ज्या शब्दासाठी जीव टाकला, तो मला मुतण्यासाठी मिळाला. मी हसायला लागले. हसताना मांड्या दुखल्या, म्हणून रडले. नर्सला वाटलं डोक्यावर परिणाम झाला.

डायलिसिस टळलं. घरी यायला दिवस लागले आणि नीट चालायला महिने. आबा पुढं कधी त्या विषयावर बोलले नाहीत. फक्त मी ओट्याशी असले की तांब्या भरून आणायचे, माझ्यापुढं ठेवायचे आणि रिकामा होईपर्यंत तिथून हलायचे नाहीत. ते गेले तेव्हा त्यांचा तो तांब्या मी मागून घेतला.

आता तुमच्यासाठी. पहिल्यांदा व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखणारच. डॉक्टर त्याला डॉम्स म्हणतात, म्हणजे उशिरानं येणारी स्नायूदुखी. ती हळूहळू कमी होते. हलकं चाला, पाणी प्या, अंगाला विश्रांती द्या. पण दुखणं वाढतच गेलं, मांड्या किंवा दंड सुजून दगड झाले, हातपाय उचलेनात, किंवा लघवी चहासारखी झाली, तर तालीम, मावशी आणि मेडिकल, तिन्ही सोडून त्याच दिवशी डॉक्टरकडं जा. त्या डॉक्टरीणबाईंनी आणि नाक न मुरडता माझी पिशवी मोजणाऱ्या नर्सनं मला वाचवलं. नाक मुरडण्यात मी एकटीच पुढं होते.

गेल्या आठवड्यापासून माझी सून जिमला जाते. नवी चकचकीत, थंड हवेची. परवा आली ती जिन्यावर वाकडी होऊन. मी तांब्या पुढं केला. प्याली. मग न्हाणीघरात गेली, तशी मी दाराबाहेर उभी राहिले आणि विचारलं, "रंग कसा हाय गं?"

"ई, आई. काहीतरीच काय."

"ई म्हण की. पर बघून म्हण."

माझी नात शेजारी उभी, तीही कान लावून. मग आतून वैतागलेला आवाज आला, "पाण्यासारखा आहे. झालं समाधान?"

"शाब्बास, पोरी," मी म्हटलं.