इवायाला नदीच्या वाटेनं नेलं

जामसांवलीच्या मारुतीची आण घेऊन सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे, एक जागा सोडून. ती कोणती ते शेवटी सांगीन, तोवर विसरलो नाही तर. आणि आण घेतली तेव्हा मी देवळात नव्हतो, बाहेरच्या चहाच्या टपरीवर होतो, हेही ध्यानात असू द्या.

तर माझ्या हातून असा गाढवपणा घडला, की आमच्या घरी त्याला नाव पडलंय. बायको नुसतं "नदीचं प्रकरण" म्हणते आणि मी गुपचूप भाजी निवडायला बसतो.

मी सौंसरात मास्तर. मुलगा प्रवीण, बस स्टँडजवळ त्याचं पाण्याच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान. बत्तीस वर्षांचा झाला. चार मुली पाहिल्या. चौघींनी विचार करून सांगतो म्हटलं, त्या अजून विचारच करून राहिल्या. पाचवी पांढुर्ण्याकडची. तिला प्रवीण पसंत पडला आणि तिचे वडील चंपतराव, म्हणजे आमचे होणारे इवाई, व्याही हो, आमचं घर-वावर पाहायला यायचे ठरले. पाचवी गेली तर सहावी कुठून आणायची, ते तुम्हीच सांगा.

चंपतरावांचा जन्म संत्र्यात गेलेला. आणि मी फोनवर काय सांगून बसलो होतो? "आमचा बगीचा पाहाल तर पाहतच राहाल. फळांआड पान दिसत नाही."

आता खरं ऐका. बगीचा मी सुखदेवला बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं कसायला दिलेला. दोन वर्षांत मी तिकडं पाऊल टाकलं नव्हतं. लोक सांगत, मास्तर, झाडांवर सल फार झाली. सल म्हणजे वाळक्या काड्या. दरवर्षी कापाव्या लागतात, नाही तर झाड हळूहळू जातं. मी म्हणायचो, पाहू.

मग मी डोकं चालवलं. तिथंच चुकलं.

चंपतराव आले. धोतर, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. मी म्हटलं, वावराकडच्या रस्त्यावर पुलाचं काम चालू आहे, आज काही जाता येत नाही, पण आमची नदी दाखवतो. बेत असा, की डोंगरात दोन-चार कोस फिरवायचं, दमवायचं, पाटवडी-रस्सा चारायचा आणि शेवटच्या बसमध्ये बसवून द्यायचं. ते म्हणाले, चला. एवढंच. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

नदीच्या काठानं पायवाट वर खोऱ्यात जाते. दोन्ही अंगांनी सागाचं रान, मध्ये म्हशींएवढे दगड. मी लहानपणी या वाटेनं एकदा गेलो होतो, तेही मामाच्या खांद्यावर. पण ते कशाला सांगू? प्रत्येक दगडाला मी जागच्या जागी नाव देत होतो. हा राणीचा दगड, ही वाघाची बैठक. चिखलात पंजे दिसले तर मी बिबट्या आणला. चंपतराव वाकून पाहात आणि "बरं" म्हणत.

पुढं नदीला दोन फाटे फुटले. मी काठीनं डावा दाखवला, जणू खोरं मीच खणलं होतं. त्या फाट्यानं खिंड चढलो, पलीकडं उतरलो, परत पाणी लागलं. मी म्हटलं, पाहा, आली आपली नदी.

चंपतराव पाण्याकडं पाहात उभे राहिले. "मास्तर, सकाळी हे पानी आपल्या समोरून येत होतं. आता आपल्यासंगं चालून राह्यलं."

"डोंगरातली नदी आहे जी," मी म्हटलं. "इथं तिची मर्जी."

तुम्ही हसा. पण तोंडाला कोरड पडली असताना यापेक्षा बरं उत्तर सुचवून दाखवा.

तीन तास झाले. माझ्या बुटाचा तळवा निघाला, तो बूट मी हातात धरला. आणि तेव्हाच काटेरी कुंपणाचं खिंडार दिसलं. आत शिरलो तर संत्र्याचा बगीचा. मला काय आनंद झाला! दुसऱ्याचा पडका बगीचा, म्हणजे आपला आपोआप चांगला. मी लगेच मास्तरकी सुरू केली. पाहा, झाडाला किती सल. बुंध्याला डिंक सुटलाय. चुना-मोरचूद दोन वर्षांत लावलेलं दिसत नाही. मालक आळशी असला की झाडं अशी उभ्या उभ्या मरतात.

चंपतराव टोपी काढून वारा घेत होते. "कसा मानूस असन हा मालक?"

"बोलघेवडा असणार. गावात बसून गप्पा मारत असेल."

"अशा मानसाच्या घरी कोनी पोरगी द्याव काय?"

"अजिबात देऊ नये," मी म्हटलं. ठणकावून म्हटलं. काठी आपटून म्हटलं.

तेवढ्यात झाडांमागून माणूस आला. सोबत कुत्रा. कुत्र्याचे पंजे मला ओळखीचे वाटले. माणूस त्याहून ओळखीचा निघाला. सुखदेव!

तो आधी चंपतरावांना म्हणाला, "या पाहुणे, परत आले का?" मग माझ्याकडं पाहिलं, हातातल्या बुटाकडं पाहिलं. "अन् मास्तर, तुमी? तुमाले वाट कोनं दाखवली?"

मी कायम रस्त्याच्या अंगानं यायचो. मागून आपला बगीचा कसा दिसतो, ते मला त्या दिवशी कळलं.

चंपतराव शांतपणे विहिरीच्या कठड्यावर बसले. "मी मांगच्या शनिवारी मारुतीच्या दर्शनाले आलो होतो. वावर तवाच पाह्यलं."

"मग आज माझ्यासोबत कशाला चाललात?"

"तुमी किती दूर नेता थे पाहत होतो."

मी मनात प्रवीणची माफी मागितली. पोराचं लग्न मी स्वतःच्या तोंडानं, काठी आपटून मोडलं होतं.

चंपतराव पाणी प्यायले. म्हणाले, "पोराच्या दुकानात बी बसून पाह्यलं मी दोन घंटे. पोरगा कामाचा हाये. बापाचं पाहू. लग्नाच्या आंधी या बगीच्याची सल निंगाली पाह्यजे. तुमच्या हातानं. सुखदेवच्या नाही."

आणि काढली. रोज शाळा सुटली की वावरात. शिडीवर चढून, करवत घेऊन, एकेका झाडाची. हाताला फोड आले.

लग्न झालं, झोकात झालं. मांडवात चंपतराव माझा हात धरून पाहुण्यांना एकेक करून ओळख करून देत होते. "हे पोराचे बाप. या घरी पोरगी देऊ नका मनून मले यायनंच बजावलं होतं."

सून घरात आहे. तिलाही हे तोंडपाठ आहे.

हां, ती खोटी जागा राहिली. तुम्हाला बिबट्या वाटला असेल. नाही, तो तर तुम्ही पकडलाच. खोटं शिडीचं आहे. शिडीवर चंपतराव होते. दुसऱ्याच दिवशी करवत घेऊन स्वतः हजर झाले, म्हणाले, तुमच्या भरवशावर पोरगी म्हातारी होईन. मी खाली शिडी धरून होतो. फोड खरे आहेत, शिडी धरूनच आले.

तीही बसून धरली होती.