रेज ऑडलिंगने लिहिलेला एक खोटा शेरा

इंग्लंडमधल्या लाउथ गावात रेज ऑडलिंगकडे गाडी वार्षिक तपासणीला न्यायची म्हणजे भल्याभल्यांना नको वाटायचं. सख्ख्या बहिणीची गाडी त्याने तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी नापास केली होती. नवरी चर्चला गेली ती कोंबड्यांचं खाद्य वाहणाऱ्या टेम्पोतून. सदतीस वर्षांत त्याने कुणाचा एक गुळगुळीत टायर नजरेआड केला नव्हता. बायको सोडून गेली तेव्हा लोक म्हणाले, तिच्यातही कुठे गंज सापडला असेल. हे त्याच्या कानावर आलं, आणि त्याला त्यात फारसं गैर वाटलं नाही.

अशा माणसाकडे गरज नसताना, आपणहून, दर ऑक्टोबरात येणारा एकच होता. सिरिल डॅनॅट. वय चौऱ्याऐंशी, धंद्याने सुतार. त्याची गाडी म्हणजे जुनी मॉरिस, मागचा अर्धा भाग लाकडी चौकटीचा. ते लाकूड शोभेचं नसतं, मागचं सगळं अंग त्यावर उभं असतं. लाकूड कुजलं की गाडी नापास. चाळीस वर्षं उलटलेल्या गाड्यांना तपासणी माफ असते, पण सिरिलला ती माफी नको होती. चौकट त्याने स्वतः घडवली होती, आणि तिच्याबद्दल रेजच्या तोंडून वर्षातून एकदा 'ठीक' एवढा शब्द ऐकायला तो यायचा. त्यापुढे रेज कधी गेला नव्हता.

त्या वर्षी सिरिलच्या तपासणीच्या आदल्या दिवशी त्याची मुलगी हिलरी आली. शाळेत ती रेजच्याच वर्गात होती.

"उद्या डॅड गाडी आणतील. नापास कर."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दलही. गेल्या महिन्यात बेकरीच्या भिंतीला घासली. परवा लाल दिवा ओलांडला. चाव्या लपवल्या तर तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. डॉक्टरला मोजत नाहीत. तुझं ऐकतील."

"गाडी चांगली असेल तर हिलरी, मी—"

"शाळा सुटते तेव्हा ते त्याच रस्त्याने जातात, रेज. उद्या एखादं पोर गेलं तर येशील ना फुलं घेऊन? तुझं काय, फुलंही तपासून आणशील."

दुसऱ्या दिवशी रेजने हातोडीच्या दांड्याने चौकट ठोकून पाहिली. प्रत्येक सांधा खणखणीत वाजला. त्याने तीच तपासणी पुन्हा केली. इतकं निरोगी लाकूड त्याने दुसऱ्या कुठल्याच गाडीला पाहिलं नव्हतं. मग तो गाडीखालून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "मागचा डावा खांब. तळाशी कुजलाय."

सिरिल हसला. "थट्टा करतोस? तू?"

रेजने खांबाकडे बोट दाखवलं तेव्हा म्हातारा गुडघ्यांवर बसला. त्याला वेळ लागला. "इथे?"

"जरा खाली."

"इथे?" त्याने अंगठा दाबला, नाक जवळ नेऊन वास घेतला. "मला तर घट्ट लागतंय, रेज."

काहीतरी उत्तर देणं भाग होतं. रेजने हे ठरवलं नव्हतं, पण तोंडून गेलं. "तुमचे अंगठे चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, मिस्टर डॅनॅट."

सिरिल आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला.

रेजने संगणकावर शेरा लिहिला: डाव्या मागच्या खांबाचं लाकूड कुजलेलं, धोकादायक, गाडी चालवू नये. गाडीचा नंबर टाकला की ही नोंद कुणालाही वाचता येते. जुन्या गाड्यांच्या मंडळातल्या लोकांनी ती त्याच आठवड्यात पबमध्ये फोनवर वाचली.

"सिरिल, किडे भाडं देतात की पाहुणे म्हणून ठेवलेत?"

"माझ्या आईची शवपेटी तूच केलीस ना रे? म्हातारी अजून आत आहे ना?"

पब हसला. मागाहून सिरिलही हसला, आणि अर्धा ग्लास तसाच ठेवून उठला. रेज कोपऱ्यात होता. त्याने आपली बिअर संपवली.

नोव्हेंबरात सिरिलने गाडी मिळेल त्या किमतीला लिंकन शहरातल्या, जुन्या गाड्या विकणाऱ्या एका माणसाला देऊन टाकली. आठवड्याने त्या माणसाचा रेजला फोन आला. "ऑडलिंग, पिऊन तपासतोस का? खांब उघडून बघितला मी. नव्या लाकडाला लाजवेल असा आहे."

त्या संध्याकाळी रेज सिरिलच्या घरी गेला. दार हिलरीने उघडलं.

"हल्ली खिळाही ठोकत नाहीत," ती दबक्या आवाजात म्हणाली. "परवा दाराची कडी निखळली, तर म्हणाले, माहितगार माणूस बोलाव."

सिरिल स्वयंपाकघरात हात मांडीखाली घालून बसला होता. रेज बसला नाही.

"मिस्टर डॅनॅट, खांब चांगला होता. मी खोटं लिहिलं."

सिरिलने त्याला न्याहाळलं. "हिलरीने पाठवलं ना तुला? मी जेवत नाही म्हणून?"

"नाही. म्हणजे, त्या वेळी तिनेच मला—"

"रेज," हिलरी म्हणाली.

"बघ, आलंच बाहेर, तिनेच पाठवलं." सिरिल कीव आल्यासारखा हसला. "कुणाला बरं वाटावं म्हणून जन्मात तू बोलला नाहीस. कशाला तोंड बिघडवतोस? जमत नाही तुला. कान बघ कसे लाल झालेत."

"लिंकनच्या माणसाला विचारा. आत्ता फोन लावतो."

"त्याला ती विकायचीय. तो चांगलीच म्हणणार. तुझ्याकडे गाडी आणायचो ती काय अशांचं ऐकायला?"

रेजने हिलरीकडे पाहिलं. तिचं एक वाक्य पुरलं असतं. तिने खुंटीवरचा त्याचा कोट काढून हातात धरला.

"आलास ते बरं झालं," सिरिल म्हणाला. त्याने पायाने टेबलाखालची पेटी पुढे सरकवली. आत पटाशा होत्या, धार लावलेल्या, तेल पुसलेल्या. "घेऊन जा. हाताला अजून कळतंय असा कुणी भेटला तर दे."

रेज पेटी उचलायला वाकला.

"एका हाताने नको," सिरिल म्हणाला. "दोन्ही हातांनी, खालून धर. पेटी मीच केलेली आहे."