बाबांचं पोटॅशियम

माझे बाबा साखऱ्यात ग्रामपंचायतीचं पाणी सोडायचे. लांब दांड्याची चावी घेऊन गल्लोगल्ली व्हॉल्व्ह उघडत फिरायचे. मी तेव्हा शहरात पीएचडी करत होते. झाडाची मुळं जमिनीतून पोटॅशियम कसं घेतात, हा माझा विषय.

किडन्या निकामी झाल्यावर बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी हिंगोलीला जावं लागे. एकदा सुट्टीत मी सोबत गेले. जीपमध्ये त्यांनी विचारलं, "तू तिथं नेमकं काय करून राहिलीस?"

मी सांगितलं, मुळाच्या पेशीला बारीक दारं असतात, त्यांतून पोटॅशियम आत येतं. जमिनीत ते कमी पडलं की पेशीत कॅल्शियम वाढतं. एका प्रथिनाला ते कळतं, ते दुसऱ्या प्रथिनाला जागं करतं. मग हे दुसरं जाऊन दाराला फॉस्फेट चिकटवतं आणि दार उघडतं.

"मंजी व्हॉल्व्ह," बाबा म्हणाले. "अन् ते दुसरं, चावीवालं."

"व्हय."

थोड्या वेळानं म्हणाले, "झाडाला बराबर कळतं. माझ्याच अंगाला काहून कळंना?"

त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचत होतं, किडन्या ते बाहेर टाकत नव्हत्या.

दवाखान्यानं पथ्याचा कागद दिला होता, इंग्रजीतला. तो घरी समजावून सांगायचं काम माझं. मी तो सोबत नेला आणि एका दुपारी प्रयोग चालू असताना फोनवर आईला घाईघाईनं सांगितला. केळं नको. बटाटा उकळून पाणी फेकायचं. टोमॅटो अगदी कमी. शेवटच्या चार ओळी सोडून दिल्या. त्यातलं आपल्याकडं कोण खातं, असं वाटलं.

उन्हाळ्यात एका सकाळी बाबांचे पाय उचलेनात. आईनं आणि शेजाऱ्यांनी त्यांना जीपमध्ये घातलं. सेनगाव ओलांडल्यावर त्यांनी मान टाकली. पोटॅशियम फार वाढलं होतं, त्यानं हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. मी घरी पोचले तेव्हा आई एकच सांगत होती, "एक केळं खाल्लं न्हाई हो त्यांनी."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी आत्या, बाबांची थोरली बहीण, माझ्याजवळ येऊन बसली.

"आदल्या दिवशी मी आलते," ती म्हणाली. "तुझी माय कामाला गेलती. हिंगोलीहून दोन शहाळी आणलती, माझ्या हातानं पाजली. लई गोड हाय म्हणला." तिनं पदरानं डोळे पुसले. "तेवढं तरी पोटात गेलं माझ्या भावाच्या."

शहाळ्याचं पाणी त्या चार ओळींत होतं. साखऱ्यात शहाळं कुठं मिळतं, असा मी विचार केला होता. आजाऱ्याला भेटायला येणारं माणूस शहाळंच घेऊन येतं, हे डोक्यात आलं नव्हतं. मुळांच्या पोटॅशियमवर मी तासन्‌तास बोलू शकले असते.

"बरं केलंस आत्या," मी म्हणाले.

पुढं पीएचडी झाली. आईला मात्र अजून वाटतं, स्वयंपाकात तिच्याच हातून काही चुकलं असेल. दोनदा मी तिला खरं सांगायला बसले. चूक माझी होती, एवढं म्हणून भागलं नसतं. शहाळं कुणी दिलं, हे तिनं विचारलंच असतं. दोन्ही वेळा मी उठून गेले. आई स्वतःला दोष देते आणि मी तो देऊ देते.